एकदाच काढा, हवं तितकं वापरा!

समजा, तुम्ही इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहात. उद्या सबमिशन. वीज केंद्राची सिंगल लाइन डायग्राम काढायची आहे. तुम्ही एक ब्रेकर काढता, सिलेक्ट करता आणि मग सुरू – कंट्रोल सी, कंट्रोल व्ही. मग आयसोलेटर, मग ट्रान्सफॉर्मर. पुन्हा कॉपी, पुन्हा पेस्ट. रात्री एक वाजता आकृती पूर्ण. सकाळी सर ती हातात घेतात, दोन मिनिटं बघतात आणि शांतपणे म्हणतात, ‘‘आयसोलेटरचं चिन्ह चुकलंय. सगळीकडे बदलून आणा.’’

सगळीकडे म्हणजे किती ठिकाणी? मोजलं तर छत्तीस!

आता छत्तीस वेळा पुसा, छत्तीस वेळा काढा. त्यातही पस्तीस बदलाल, एक राहील. आणि परीक्षकांची नजर नेमकी त्याच एकावर जाईल.

हे टाळता येतं. त्यासाठी फार महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. लागते ती एक सवय. चित्र ‘काढायचं’ नाही, चित्राची एक वस्तू ‘घडवायची’. एकदा नीट घडवलेली वस्तू मग हवी तिथं, हवी तितक्या वेळा ठेवायची. पायथनसारखी भाषा आणि कागदपत्रांत आकृत्या काढून देणारी एखादी लायब्ररी हाताशी असेल, तर हे काम एका संध्याकाळी शिकता येतं. पण नीट घडवणं म्हणजे काय, हे मात्र जरा थांबून समजून घ्यावं लागतं. त्यासाठी चला एकलहऱ्याला.

संच क्रमांक तीन, चार, पाच

नाशिकरोडहून एकलहऱ्याच्या दिशेनं निघालं की औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात. महानिर्मितीच्या या केंद्रात २१० मेगावॉटचे तीन संच आहेत, म्हणजे एकूण ६३० मेगावॉट. तिन्ही संच १९७९ ते १९८१ या काळातले. प्रत्येकाची मांडणी ढोबळमानानं तीच. कोळसा जाळणारा बॉयलर, वाफेवर फिरणारं टर्बाइन, त्याला जोडलेला जनरेटर, व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर आणि पुढे स्विचयार्ड.

या केंद्राची आकृती प्रोग्रॅम लिहून काढायची, तर एकच गोष्ट तीनदा कोण काढत बसेल? ‘संच’ नावाची एक वस्तू तयार करायची आणि ती तीन जागी ठेवायची. लूप लावला की झालं. एक, दोन, तीन.

इथंच फसायला होतं. एकलहऱ्याचे संच एक, दोन, तीन नाहीतच. ते आहेत तीन, चार आणि पाच! पहिले दोन संच प्रत्येकी १४० मेगावॉटचे होते. त्यांच्यासह हे केंद्र एकेकाळी ९१० मेगावॉटचं होतं. ते दोन जुने झाले, बंद झाले. पण म्हणून उरलेल्यांचे क्रमांक कुणी बदलले नाहीत. बदलणारही नाहीत, कारण तीस-चाळीस वर्षांच्या नोंदी, दुरुस्तीची रजिस्टरं, पाट्या, सगळं त्याच क्रमांकांवर उभं असतं.

तुमच्या प्रोग्रॅमनं क्रमांक आपोआप एकपासून मोजले, तर आकृती दिसायला देखणी होईल आणि साफ चुकीची असेल. पुन्हा वापरता येणारी वस्तू घडवण्याचा पहिला धडा हाच. जे दरवेळी सारखं असतं ते वस्तूच्या पोटात ठेवा, जे बदलू शकतं ते बाहेरून मागून घ्या. संचाचा क्रमांक बाहेरून. क्षमतासुद्धा बाहेरून. एकलहऱ्यात ६६० मेगावॉटच्या नव्या संचाची चर्चा आणि मागणी वर्षानुवर्षं चालू आहे. उद्या तो आला, तर ‘२१०’ हा आकडा चित्रात कोरून ठेवणाऱ्याला सगळं पुन्हा काढावं लागेल.

आजीचं गोपद्म आणि नाशिकरोडची प्रेस

ही कल्पना कॉम्प्युटरवाल्यांनी शोधली असं वाटत असेल, तर चातुर्मासात एखाद्या आजीच्या अंगणात डोकावा. देवापुढे किंवा तुळशीपुढे रोज ३३ गोपद्मं काढायची रीत आहे. आजी काही दरवेळी ‘आता गोपद्म कसं काढावं बरं?’ असा विचार करत नाही. आकार हातात पक्का बसलेला असतो, फक्त जागा बदलते. आणि ज्यांना तेवढा वेळ नाही, त्या छाप वापरतात. रांगोळीचा छाप म्हणजे दुसरं काय? एकदा बनवलेली, पुन्हापुन्हा ठेवता येणारी चित्रवस्तूच.

छापखान्यातही तेच होतं. ‘क’चा खिळा एकदा ओतला की तो हजार शब्दांत बसायचा. आज आपण ज्याला फॉन्ट म्हणतो, तोही तसाच. प्रत्येक अक्षराचं चित्र एकदाच साठवलेलं असतं आणि पानावर फक्त ‘हे चित्र, या जागी, या आकारात’ एवढंच सांगितलं जातं.

एकलहऱ्याच्या शेजारी नाशिकरोडला तर याचं फारच ठसठशीत उदाहरण आहे. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची, करन्सी नोट प्रेस १९२८ची. गावातले लोक नुसतं ‘प्रेस’ म्हणतात. एकाच किमतीच्या दोन नोटा शेजारी ठेवून बघा. नक्षी तीच, चित्र तेच. वेगळा असतो तो क्रमांक. म्हणजे काय सारखं ठेवायचं आणि काय बदलायचं, याचा निर्णय छापण्याआधीच झालेला असतो. वस्तू घडवण्याचं अर्धं काम तिथंच संपतं.

कॉम्प्युटरमध्ये ही गोष्ट आली १९६३ साली. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये इव्हान सदरलँड या तरुणानं पीएचडीसाठी ‘स्केचपॅड’ नावाचा प्रोग्रॅम केला. त्यात पडद्यावर लाइट पेननं चित्र काढता यायचं. पण खरी कमाल वेगळीच होती. एक ‘मूळ’ चित्र काढायचं आणि त्याच्या हव्या तितक्या प्रती पडद्यावर ठेवायच्या. मूळ चित्र बदललं, की सगळ्या प्रती आपोआप बदलायच्या. साठ वर्षांपूर्वी! आणि आपण अजून छत्तीस आयसोलेटर हातानं बदलतोय.

पान म्हणजे आलेखाचा कागद

आता प्रत्यक्ष कामाकडे. पीडीएफ सगळ्यांना माहीत आहे. पण पीडीएफचं पान आतून कसं असतं? तर थेट शाळेतल्या आलेखाच्या कागदासारखं. खाली डाव्या कोपऱ्यात शून्य-शून्य. उजवीकडे गेलं की एक्स वाढतो, वर गेलं की वाय. मोजायचं एकक पॉइंट, एका इंचात ७२ पॉइंट. ए-फोर कागद साधारण ५९५ पॉइंट रुंद आणि ८४२ पॉइंट उंच. ब्राउझरमध्ये मात्र शून्य-शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात असतं आणि वाय खाली वाढतो. त्यामुळे वेबवरून इकडे येणाऱ्या बहुतेकांचं पहिलं चित्र उलटं पडतं. तुमचंही पडलं तर घाबरू नका.

या सगळ्याचं मूळ अडोबी कंपनीत आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी १९८२ साली ती सुरू केली. त्यांची पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा. पुढे १९९३मध्ये पीडीएफ आलं आणि २००८मध्ये ते आयएसओचं खुलं मानक झालं. म्हणूनच आज कुणीही पीडीएफ तयार करणारी लायब्ररी लिहू शकतं.

पायथनमध्ये अशी एक जुनी आणि भरवशाची लायब्ररी म्हणजे रिपोर्टलॅब. लंडनमधल्या कंपनीची, पण मुक्त स्रोत आवृत्ती फुकट मिळते. तिच्या चित्रविभागाची रचना बघण्यासारखी आहे. तळाशी मोजकेच मूळ आकार : रेषा, चौकोन, वर्तुळ, बहुभुज, मुक्त वळणाची वाट आणि मजकूर. त्यांचा एकत्र गठ्ठा बांधला की तो ‘ग्रुप’. ग्रुप सरकवता येतो, फिरवता येतो, लहानमोठा करता येतो. आणि त्यावर ‘विजेट’, म्हणजे आपण आज ज्याबद्दल बोलतोय ती पुन्हा वापरता येणारी चित्रवस्तू.

विजेटचा नियम अगदी साधा. त्याला कुणी विचारलं, ‘‘तू दिसतोस कसा?’’ तर त्यानं मूळ आकारांचा एक ग्रुप बनवून द्यायचा. बस्स. कागदावर छापणाऱ्या भागाला आयसोलेटर, ट्रान्सफॉर्मर, बॉयलर यातलं काहीच माहीत नसतं. त्याला फक्त रेषा नि वर्तुळं कळतात. त्यामुळे तुम्ही उद्या शंभर नवी विजेट्स बनवलीत, तरी छापणाऱ्या भागात एक ओळ बदलावी लागत नाही. आणि तेच चित्र पीडीएफमध्ये, वेबसाठी एसव्हीजीत किंवा पीएनजी फोटोच्या रूपात काढता येतं.

आयसोलेटर घडवताना

आता आपलं छत्तीस ठिकाणचं आयसोलेटर घेऊ. आधी त्याचं खरं काम समजून घ्या, कारण चित्राचे निर्णय त्यावरच ठरतात. चालू प्रवाह तोडायचं काम ब्रेकरचं. आयसोलेटर भारावर उघडायचा नसतो. ब्रेकरनं प्रवाह तोडला, की मग आयसोलेटर उघडतात. त्याची पाती दूर झालेली डोळ्यांना दिसतात. पुढे अर्थिंग करून मगच माणूस कामाला हात लावतो. म्हणजे ‘उघडा की बंद’ हा नुसता तपशील नाही. तिथं माणसाचा जीव गुंतलेला असतो. हे डोक्यात ठेवून पाच निर्णय घ्यायचे.

पहिला : शून्य कुठं? प्रत्येक वस्तूला स्वतःचं शून्य-शून्य हवं. डाव्या खालच्या कोपऱ्यात ठेवणं सोपं वाटतं. पण विजेच्या चिन्हाला वायर जोडायची असते. म्हणून शून्य ठेवा जोडाच्या टोकावर आणि दुसरं टोक कुठं आहे, हे वस्तूनं स्वतः सांगावं. मग उद्या चिन्ह मोठं केलं तरी वायर अधांतरी लोंबकळणार नाही.

दुसरा : माप एकच. रुंदी वेगळी, उंची वेगळी, पात्याची लांबी वेगळी, असं सगळं बाहेरून मागत बसू नका. ‘आकार’ असा एकच आकडा घ्या आणि आतलं सगळं त्याच्या प्रमाणात ठेवा. चिन्हाचा चेहरा बिघडवायची सोय वापरणाऱ्याला देऊच नये. चिन्हं मनानं बनवू नका, हेही त्यातच आलं. विजेच्या आकृत्यांसाठी आयईसी ६०६१७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तुमची कला रांगोळीत दाखवा, आयसोलेटरमध्ये नको.

तिसरा : काहीच न सांगता काय दिसेल? चांगली वस्तू नुसती ठेवली तरी चालली पाहिजे. आकार, रेषेची जाडी, रंग यांची मूळ मूल्यं आधीच ठरवून ठेवा. पण स्थिती? ती सांगायची राहिली तर आयसोलेटर उघडा दाखवायचा की बंद? इथं बहुतेक जण पटकन ‘बंद’ लिहून मोकळे होतात. थांबा. माहिती आलीच नाही, तर ‘माहीत नाही’ हेच दाखवा. तुटक रेषेची चौकट आणि आत प्रश्नचिन्ह. उघडा, बंद आणि अज्ञात, अशा तीन स्थिती. आकृतीनं अंदाज बांधून खोटा दिलासा देण्यापेक्षा प्रश्न विचारलेला बरा.

चौथा : चुकीला तिथंच अडवा. कुणी ‘आकार’च्या जागी ‘कोल्हापूर’ लिहिलं तर? रिपोर्टलॅबमध्ये प्रत्येक विजेटला एक यादी जोडता येते. कोणते गुणधर्म चालतील आणि त्यात कसली मूल्यं बसतील, याची. यादीत नसलेलं नाव वापरलं किंवा भलतं मूल्य दिलं, की प्रोग्रॅम तिथंच थांबतो. नवख्यांना याचा राग येतो. पण विचार करा, ‘ओपन’ लिहिताना एक अक्षर चुकलं आणि प्रोग्रॅमनं काही न बोलता ‘बंद’चं चित्र काढून दिलं, तर ते जास्त वाईट नाही का? थांबलेला प्रोग्रॅम पाच मिनिटं खातो. चुकीची आकृती कधी, कुठं, कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

पाचवा : झेरॉक्स मारून बघा. उघडा हिरवा आणि बंद लाल, असं फक्त रंगावर सोडू नका. आकृतीची झेरॉक्स निघते आणि दोन्ही रंग सारखेच करडे होतात. शिवाय लाल-हिरव्यातला फरक न दिसणारी माणसंही असतात. स्थिती आकारातच दिसली पाहिजे. पातं तिरकं म्हणजे उघडा, सरळ म्हणजे बंद. रंग असलाच तर जोडीला.

‘कि’ची गंमत, जोडाक्षरांचा वैताग

चिन्ह झालं, आता खाली मराठीत नाव लिहायचंय, ‘किलोव्होल्ट’. लिहिलंत, पीडीएफ उघडलं, आणि वेलांटी ‘क’च्या भलत्याच बाजूला! ‘व्हो’चा पाय मोडलेला! प्रोग्रॅम बरोबर, फॉन्ट बरोबर, मग घोळ कुठं?

युनिकोडमध्ये ‘कि’ साठवताना आधी ‘क’ आणि मग वेलांटी अशा क्रमानं साठवतात, कारण आपण उच्चारतो त्या क्रमानं. पण कागदावर वेलांटी आधी येते. हा उलटफेर करणं, जोडाक्षरं जुळवणं, रफार योग्य जागी चढवणं या कामाला ‘शेपिंग’ म्हणतात. हार्फबझ नावाचं मुक्त सॉफ्टवेअर ते करतं. मजकूर नुसता एकापुढे एक अक्षर ठेवत छापणारी लायब्ररी हे काम करत नाही. म्हणून मराठी मजकूर छापणारी वस्तू बनवताना आधी तपासा, शेपिंग चालू आहे का? तपासायला ‘किर्लोस्कर’, ‘व्होल्टेज’, ‘कार्यक्षमता’ असे शब्द टाका. हे नीट उमटले की बाकीचे बहुतेक उमटतील.

अक्षर ही पुन्हा वापरायची वस्तू आहे, हे देवनागरीत किती अवघड होतं, ते र. कृ. जोशींच्या कामाकडे बघून कळतं. विंडोजमधला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचा. एका अक्षराचं चित्र दुसऱ्याशेजारी आल्यावर कसं वागेल, याचे नियम त्यात घालावे लागतात. आज ‘मुक्ता’सारखे मुंबईत घडलेले खुले फॉन्ट फुकट मिळतात, ते वापरा. आणि कंटाळून मजकुराचा फोटो चिकटवण्याचा मोह टाळा. फोटोतलं नाव शोधता येत नाही, कॉपी होत नाही, आणि दृष्टिहीन मित्राचा स्क्रीन रीडर ते वाचूही शकत नाही.

जाता जाता एक भारी गोष्ट. पायथनला देवनागरी आकडे कळतात. ‘२१०’ हा मराठीत लिहिलेला मजकूर पूर्णांकात बदलायला सांगितला, तर तो मुकाट्यानं दोनशे दहा समजतो. चलांची नावंही देवनागरीत देता येतात. ‘संच’, ‘क्षमता’, ‘स्थिती’ अशी नावं देऊन प्रोग्रॅम लिहून तर बघा!

अति तिथं माती

एवढं वाचून उत्साहानं प्रत्येक रेषेची वस्तू करायला निघालात, तर थांबा. एकदाच लागणारं चित्र सरळ काढा. दुसऱ्यांदा लागलं तरी चालेल. तिसऱ्यांदा लागलं, की वस्तू घडवा. तोवर नेमकं काय सारखं राहतं आणि काय बदलतं, हे तुम्हाला दिसलेलं असतं. आधीच घडवलेल्या वस्तूला ‘लागेल कधीतरी’ म्हणून पंचवीस पर्याय चिकटतात. त्यातले बावीस कुणी वापरत नाही.

दुसरा धोका बदलाचा. मूळ बदललं की सगळं बदलतं, हे वरदान आहे, तसं संकटही. मागच्या वर्षी मंजूर झालेली आकृती आज पुन्हा काढली आणि ती वेगळीच दिसली, तर? म्हणून वस्तूला आवृत्ती क्रमांक द्या आणि मंजूर झालेलं पीडीएफ वेगळं जपून ठेवा. ते पुन्हा ‘तयार’ करायचं नसतं.

तिसरी गोष्ट फाइलच्या वजनाची. प्रोग्रॅममध्ये वस्तू एकदा लिहिली, म्हणजे फाइलमध्येही ती एकदाच साठवली जाते, असं नाही. ग्रुप पाचशे ठिकाणी ठेवला, तर त्याच्या रेषा पाचशे वेळा लिहिल्या जाऊ शकतात. गॅदरिंगच्या पाचशे प्रमाणपत्रांची नक्षीदार किनार असेल, तर पीडीएफमधली ‘फॉर्म’ ही सोय वापरा. नक्षी फाइलमध्ये एकदाच साठते आणि प्रत्येक पान फक्त तिचा उल्लेख करतं. नाव तेवढं बदलतं. पुन्हा तेच, प्रेसमधल्या नोटेसारखं.

आणि याचा उपयोग फक्त सबमिशनपुरता नाही. वीजबिल, हॉल तिकीट, गुणपत्रिका, बँकेचं स्टेटमेंट... लाखोंच्या संख्येनं निघणारी ही कागदपत्रं कुणी माणूस एकेक करून काढत बसत नाही. अशा चित्रवस्तू घडवणारं कुणीतरी मागं असतं. इलेक्ट्रिकल, सिव्हिल किंवा कॉमर्स, तुमची शाखा कुठलीही असो, त्या शाखेतली चिन्हं तुम्हाला कळतात आणि ती प्रोग्रॅममध्ये घडवताही येतात, हा जोड फार थोड्यांकडे असतो.

आजच करून बघा

१. पायथन बसवा, ‘पिप’नं रिपोर्टलॅब आणा. एका ए-फोर पानावर एक वर्तुळ नि एक रेषा काढा. शून्य-शून्य कुठं आहे ते डोळ्यांनी बघा.

२. गोपद्म काढा. विजेट म्हणून. मग लूप लावून ३३ ठेवा. मूळ आकार बदला आणि सगळे बदलतात का बघा.

३. आयसोलेटर घडवा. तीन स्थिती : उघडा, बंद, अज्ञात. मुद्दाम चुकीचं मूल्य देऊन बघा, अडवतो का?

४. ‘संच’ घडवा. क्रमांक आणि क्षमता बाहेरून. ३, ४, ५ असे एकलहऱ्याचे तीन संच एका ओळीत ठेवा. शेजारी एक ६६०चाही ठेवून बघा. चित्र मोडलं, तर वस्तूत अजून काम बाकी आहे.

५. प्रिंट काढा, त्याची झेरॉक्स काढा आणि ज्याला यातलं काहीही माहीत नाही अशा मित्राला विचारा, ‘‘यातलं उघडं कोणतं?’’ त्यानं न अडखळता बोट ठेवलं, तर तुमचं आयसोलेटर पास.